डाव्या हाताने निवडलेली कोथिंबीर

बुधवारचा बाजार उठायच्या बेतात होता. गोदाघाटावर संध्याकाळी साडेसातनंतर भाव आपोआप खाली येतात, कारण उरलेली पालेभाजी परत गावी न्यायला कुणालाच परवडत नाही. कोथिंबीर दहाला दोन जुड्या होती. मी रेंगाळलो तशी बाई म्हणाली, “घ्या बाबा, वीसला पाच घ्या, मला गाडी गाठायचीय.” बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा हिशेब मोह घालतो. पाचही जुड्या पिशवीत आल्या. घरी आल्यावर मी त्या नळाखाली धरून स्वच्छ धुतल्या, मुळांची माती काढली, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबल्या, वर घट्ट गाठ मारली आणि फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून दिल्या. आपण किती व्यवस्थित आहोत असं वाटून मला बरं वाटलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशी गाठ सोडली तर आत काळपट हिरवा लगदा आणि साचलेल्या पाण्याचा तो वास. बोट लावलं तर पानं बोटाला चिकटून आली. मी पिशवी पुन्हा बांधली आणि होती तिथेच मागे सरकवली. उद्या गुपचूप टाकू म्हणून.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, तो टेबलावर ओझ्यासारखा टाकलेला, आणि डाव्या हाताने ही माझ्या त्या लगद्यातून एकेक धड काडी वेगळी करत होती. चांगली पानं एका बाजूला जुन्या पंच्यावर पसरलेली. काळी पडलेली ताटलीत. मी दारात उभा होतो ते तिला दिसलं की नाही, मला अजून माहीत नाही. ती काहीच बोलली नाही. मीही पाणी न पिता परत येऊन पडलो. सकाळच्या पोह्यांवर कोथिंबीर होती.

बोलली असती तर बरं झालं असतं.

हाताचं निमित्त साधं होतं. गॅलरी धुतलेली, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि पडताना हात टेकला. मनगट. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी स्वयंपाकघरात चहा, ऑम्लेट आणि सल्ला यापलीकडे काही केलेलं नव्हतं. पोळ्यांना बाई लावली. भाजी मी करतो म्हणालो, आणि भाजी करणं म्हणजे फोडणी देणं अशी माझी समजूत होती. फोडणीच्या आधी भाजीला घरात चार दिवस जगवावं लागतं, हा भाग मी कधी पाहिलाच नव्हता. फ्रीज उघडला की कोथिंबीर असायची, एवढंच.

खरी बोच अशी की साठवण हा विषय मला येतो असं मी आयुष्यभर समजत आलो. मी निफाड तालुक्यातला. आमच्या घरामागे कांद्याची चाळ होती आणि वडिलांचा त्या चाळीवर जेवढा जीव होता तेवढा आम्हा भावंडांवर असेल की नाही, शंका आहे. उन्हाळी कांदा काढला की तो पातीसकट शेतातच सुकायचा, एकाच्या पातीची दुसऱ्यावर सावली पडेल असा मांडलेला. मग मानेपाशी बोटभर ठेवून पात कापायची, सावलीत आणखी दहा-पंधरा दिवस. मान बारीक होऊन मिटली पाहिजे, कारण कांदा सडतो तो मानेतूनच. जोडकांदा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला, जाड मानेचा असा सगळा वेगळा काढून आधी विकून टाकायचा. उरलेला चाळीत. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून वारा, फळ्यांच्या फटींतून वारा. वडील ऑगस्टमध्ये ढगाळ हवेच्या दिवशी चाळीच्या कडेने चालत जायचे, मध्येच थांबून फटीशी नाक न्यायचे आणि म्हणायचे, “इथं एक बसलाय.” हात घालून तो एकच कांदा बाहेर काढायचे. पुढे बँकेत शेतीकर्जाच्या खुर्चीवर बसलो तेव्हा चाळींच्या अनुदानाच्या किती फायली माझ्या हाताखालून गेल्या. पंचवीस टनांची चाळ, अमुक रुंदी, तमुक उंची, छताला पत्रा की कौल. वाऱ्याच्या दिशेबद्दल मी शेतकऱ्यांना ऐकवायचो. अशा माणसाला पाच जुड्या तीन दिवस राखता आल्या नाहीत.

आणि आमच्या त्याच घरात, चाळीपासून वीस पावलांवर, आईची पण एक जागा होती. माठ तिवईवर नसायचा, वाळूच्या गोल आळ्यात बसवलेला असायचा. माठ झिरपायचा, वाळू कायम ओली. त्या वाळूत आलं पुरलेलं, वाळूवर लिंबं, माठाला टेकवून एखादी जुडी ओल्या फडक्यात. भर मे महिन्यात तिथे हात घातला की गार लागायचं. नोकरीत असताना एका प्रशिक्षणात दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ दाखवला होता. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वाळूवर पाणी मारत राहायचं, की आतली भाजी विजेशिवाय कितीतरी दिवस ताजी. मी वहीत टिपणं काढली, चित्र काढलं. आईची वाळू मला तेव्हा आठवली नाही. चाळीला घरातले सगळे साठवण म्हणत. त्या वाळूला कुणी काही नाव दिलं नव्हतं.

तर लगद्याच्या रात्रीनंतर मी विद्यार्थी झालो. ही खुर्चीवर, मी ओट्याशी. अडचण अशी की तिला शिकवता येईना. “कोथिंबीर कशी ठेवायची?” “कोरडी करून.” “किती कोरडी?” “कोरडी म्हणजे कोरडी हो.” मग तिने दाखवलं. जुडी आणल्याबरोबर आधी तिचा बंद सोडायचा, कारण बंदाखाली चिरडलेली जागाच पहिली कुजते. मुळं कापायची. पिवळं पान, काळं पान, गवताची काडी काढून टाकायची. धुवायची नाही, वापरायच्या वेळी धुवायची. बाजारवाल्यांनी पाणी मारलेलंच असतं, म्हणून पंख्याखाली पंच्यावर पसरायची. आणि मग ती पालथा डावा हात, म्हणजे बोटांची मागची बाजू, पानांवरून अलगद फिरवायची. तळव्याला ओल कळत नाही म्हणे, तळवा स्वतःच ओलसर असतो. पालथ्या हाताला गार लागलं की अजून ओल आहे. गार लागेनासं झालं की सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. फडकं दोन दिवसांनी बदलायचं. मी पालथा हात फिरवला. मला काहीच वेगळं लागलं नाही. “झाली की कोरडी,” मी म्हणालो. “नाही झाली,” ती तिथूनच म्हणाली. तिने हात लावलाही नव्हता.

यामागचं कारण मी नंतर वाचून घेतलं, ती माझी खोड आहे. तोडल्यावरही पान जिवंतच असतं. श्वास घेतं, वाफ सोडतं. गाठ मारलेल्या पिशवीत ती वाफ पाणी होऊन परत पानावरच बसते आणि कुजवणाऱ्या जंतूंना तेवढंच हवं असतं. अगदी उघडं ठेवलं तर वाफ निघून जाते आणि पान मलूल होतं. फडकं या दोन्हींच्या मध्ये उभं राहतं, जास्तीचं पाणी पितं आणि थोडं परतही देतं. बाजारात भाजीवर टाकलेला ओला गोणपाट वेगळं काम करतो. त्याचं पाणी उडताना भाजीला गारवा देतं, पण तिथे वारा खेळता असतो, बंद खण नसतो. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. “बरं,” ती म्हणाली. “पण पंच्यावरची उलटवा आता, खालची बाजू ओली आहे.”

फडकं की वर्तमानपत्र, यावर थोडी बाचाबाची झाली. आमच्याकडे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रच असायचं. पालक कागदात, मिरच्या कागदात, अगदी भेंडीसुद्धा. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते, अशी सूचना काढली. हिने ती बातमी वाचली आणि त्याच दिवशी त्याच कागदाऐवजी माझे जुने पंचे कापून फडकी केली. मला वाटत होतं पंचे धोब्याकडे हरवताहेत. आठ वर्षं मी धोब्यावर संशय घेत होतो.

चिरण्याचे धडे जास्त अवघड गेले. सहा आठवड्यांत मी सोललं, चिरलं, किसलं आणि दोनदा बोट कापलं. वांगं चिरलं की फोडी लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर हवेशी गाठ पडून काळ्या पडतात, हे मला लहानपणापासून पाहून माहीत होतं. पण बटाट्याला नुसतं पाणी पुरतं आणि वांग्याला मीठ लागतं, एवढं बारीक कुठे माहीत होतं. भेंडी आधी धुऊन, एकेक पुसून, मगच चिरायची, ओली चिरली की तार सुटते. तरी सुटलीच तर दोन आमसुलं. लसूण सोलायचा तर कोमट पाण्यात पाच मिनिटं, नखं वाचतात. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून ठेवल्या की जास्त टिकतात, देठाशीच कूज धरते. हे देठ काढायचं काम मी टीव्हीसमोर बसून अर्धा किलो मिरच्यांवर केलं आणि मग डोळा चोळला. साबणाने हात धुतले, थंड पाणी मारलं, बोटांची आग जाईना. ही हसत होती, अपघातानंतर पहिल्यांदा एवढी हसली. मग म्हणाली, “तेल लावा हाताला, पाण्यानं नाही जायची.” तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. हे तिला कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, “फणस कापताना तेल लावतोच की हाताला, चीक लागू नये म्हणून. मिरचीला पण लावून बघितलं एकदा.”

ती चिपळूणकडची. आमच्या कोरड्या मुलखात आली तेव्हा इथे सुरण कुणाला धड माहीत नव्हता आणि अळूचं फदफदं म्हणजे काय ते सांगावं लागायचं. सुरणाला, अळूला आंबट घातल्याशिवाय घसा खाजतो, म्हणून तिच्या सामानात आमसुलांचा डबा होता. नारळ फोडला की डोळ्यांची वाटी आधी संपवायची, ती लवकर खराब होते, हेही तिने आईला सांगितलं. आईला सुनेने काही शिकवणं तेव्हा फारसं रुचलं नव्हतं, पण पुढच्या नारळाला डोळ्यांची वाटीच आधी खवली गेली, हे मी पाहिलं आहे. पहिल्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी हापूसची पेटी पाठवली. सगळे आंबे कच्चे, हिरवेगार. वडिलांनी ते मोठ्या प्रेमाने चाळीजवळच्या ओसरीत, वारा लागेल असे, एकमेकांना न टेकवता मांडायला घेतले. हिने पदर खोचला, नवी नवरी, आणि म्हणाली, “बाबा, असे सुकतील हो ते.” खोलीत पलंगाखाली भाताचा पेंढा पसरून तिने अढी घातली. एक थर आंबे, एक थर पेंढा. वडील दारातून बघत होते. आयुष्य सगळं वाऱ्यावर रचलेल्या माणसाला हे कोंडणं पटेना. आठवड्याने त्या खोलीचं दार उघडलं की वास ओसरीपर्यंत यायचा. पिकणारं फळ स्वतःच एक वायू सोडतं, इथिलीन, आणि तो कोंडला की शेजारचं फळही पिकतं. आता व्यापारी तोच वायू खोलीत मापाने सोडतात, दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत परवानगी आहे, आणि कार्बाइडला बंदी आहे. आमच्या पलंगाखाली तो फुकट होता. कांद्याला वारा लागतो, आंब्याला ऊब. वडील एवढंच म्हणाले, “आमच्यापेक्षा उलटं दिसतंय तुमचं.” त्यांच्या तोंडून हे कौतुकच होतं.

आता माझी बाजू. एका गोष्टीत मी बरोबर होतो आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आमच्याकडे कांदे-बटाटे एकाच टोपलीत असायचे. पहिल्या आठवड्यात मी ते वेगळे केले. बटाट्याच्या ओलाव्याने कांद्याला कोंब फुटतो, बटाटा उजेडात हिरवा पडून कडवट होतो, कांद्याला मात्र वारा हवा. बटाटे अंधारात पिशवीत, कांदे जाळीत, असं सगळं सांगून. वर हेही सांगितलं की टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नयेत, बारा अंशांच्या खाली त्यांचा वास मरतो, आणि बटाटे तर अजिबात नाही, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना काप करपतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तेहतीस वर्षांत कोंब आलेला बटाटा ताटात आला का कधी?” नव्हता आला. कारण ती रोज एकदा टोपली वरखाली करते आणि बसलेला, फुटलेला बाजूला काढून त्याच दिवशी वापरते. मला चाळ आठवली, फटीशी नाक नेणारे वडील आठवले. तरीही टोपल्या मी वेगळ्याच ठेवल्या. आजही वेगळ्या आहेत. टोमॅटो मात्र परत फ्रीजमध्ये गेलेत, त्यावर मी वाद घातला नाही.

लेक पुण्याहून रील पाठवायची. तीस सेकंदांत आयुष्यभर टिकणारा पुदिना, लिंबू पाण्याच्या बरणीत बुडवून फ्रीजमध्ये, महिनाभर रसरशीत. हा लिंबाचा प्रकार आम्ही करून बघितला आणि तो खरा निघाला. बाकीचे बरेचसे बघायला छान. त्यातल्या कुणाच्याही घरी कोथिंबीर कधी ओली नसते.

जानेवारीच्या शेवटी मटार स्वस्त झाला आणि हिने जाहीर केलं की दर वर्षीप्रमाणे पाच किलो घालायचे. पाच किलो शेंगा दोन माणसांनी, त्यातही तीनच हातांनी, सोलायला पूर्ण दुपार लागली. सव्वादोन किलो दाणे निघाले. उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर टाकून दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून, पंच्यावर कोरडे करून, छोट्या पिशव्यांतून फ्रीजरमध्ये. दोन मिनिटांची ती उकळी चुकवली तर थंडीतही दाणा आतल्या आत बदलत राहतो आणि चव गवतासारखी होते. सोलता सोलता मी तिला कोथिंबिरीबद्दल एक गोष्ट सांगितली. नोकरीत असताना एका गावी वसुलीला गेलो होतो. बाजारात जुडीला दोन रुपये मिळत नव्हते, काढणीची मजुरीसुद्धा निघेना, म्हणून शेतकऱ्याने उभ्या कोथिंबिरीत मेंढरं सोडली होती. एकरभर हिरवं, आणि त्यात मेंढरांच्या तोंडाचा कुरुकुरू आवाज. वास असा सुटला होता की भूक लागावी. दोन महिन्यांनी तीच जुडी शंभरीला पोचली, आणि तेव्हा त्याच्याकडे जुडी नव्हती. मी कागद परत पिशवीत घातले, वसुलीचं काही बोललो नाही. ही गोष्ट मी घरी कधीच सांगितली नव्हती. ती ऐकत होती, शेंगा सोलत होती. “मग त्या दिवशी तुम्ही पाच जुड्या घेतल्या ते बरंच केलंत,” ती म्हणाली. त्या जुड्यांबद्दल ती बोलली ती तेवढंच. मला वाटतं ते माफ केल्यासारखं होतं, किंवा नसेलही.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. आतला हात दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा दिसत होता, बारीक, कोरडी सालं निघालेला, मनगट ताठ. बोटांना मुंग्या यायच्या, टोकांना स्पर्श धड कळायचा नाही, हळूहळू येईल म्हणाले. फिजिओथेरपीवाल्या मुलीने मऊ चेंडू दाबायला दिला होता. चेंडू दोन दिवस दाबला गेला, मग तो सोफ्याखाली गेला आणि व्यायाम म्हणून मेथी निवडणं सुरू झालं.

परवाच्या बुधवारी आम्ही दोघं बाजारात गेलो. तिने एकच जुडी घेतली, उलटसुलट करून, मुळाशी दाबून. घरी येऊन बंद सोडला, मुळं कापली, पंखा लावला, पंच्यावर पसरली. अर्ध्या तासाने उजवा हात पालथा करून पानांवरून फिरवला. थांबली. परत फिरवला. डावा हात पुढे न करता तिने मला हाक मारली.

“अहो, जरा बघा हो. कोरडी झाली का?”

मी हात पुसले, पालथा केला आणि पानांवर ठेवला. मधल्या काड्यांपाशी, जिथे जुडी दाट होती, तिथे किंचित गार लागलं.

“नाही अजून,” मी म्हणालो. तिने जुडी उलटवली.